लीला राव : एका हौशी विजेतीचे घर आणि कारकीर्द

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील ज्या मोजक्या स्त्रियांनी टेनिसच्या मैदानावर नाव कमावले, त्यांत लीला राव यांचे स्थान सर्वांत वरचे आहे, आणि त्यांचे जीवन व त्यांची खेळातील कारकीर्द हा या व्याख्यानाचा विषय आहे. १९३४ साली विंबल्डनच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. क्रीडाकोशांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांतून त्यांच्याविषयी जे काही सापडते ते बहुधा या एका ओळीवरच थांबते. उलट संस्कृत साहित्याच्या इतिहासात त्यांच्या आईचे आणि आजोबांचे नाव आदराने घेतले जाते, पण तेथे टेनिसचा उल्लेख आलाच तर तो कौतुकाची एक किरकोळ बाब म्हणून येतो. एकाच घरातील तीन पिढ्यांचे कर्तृत्व असे दोन वेगळ्या कपाटांत ठेवले गेल्यामुळे, ज्या काळी भारतीय मुलीला टेनिस शिकवणारी संस्था, शिष्यवृत्ती किंवा सार्वजनिक मैदान यांपैकी काहीही जवळपास नव्हते त्या काळी ही खेळाडू घडली कशी, या प्रश्नाचे उत्तरच हरवून बसले आहे. ते उत्तर त्या घरात आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

जबलपुरातील ओमतीसारख्या, मराठी मुलखाबाहेरच्या वस्तीत हा विषय मांडण्यास एक विशेष औचित्य आहे. लॉन टेनिस, म्हणजे गवताच्या मोकळ्या मैदानावर जाळीच्या आरपार रॅकेटने चेंडू मारण्याचा खेळ, याचे पेटंट मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लंडनमध्ये घेतले. हे गृहस्थ त्याआधी भारतात लष्करी नोकरी करून गेलेले होते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, जबलपूरच्या छावणीतील डेव्हनशायर पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर स्नूकर हा नवा खेळ रचला. दोन्ही खेळ एकाच वर्गाच्या फावल्या वेळातून आले, आणि पलटणी व मुलकी अधिकारी जेथे जेथे गेले तेथे तेथे छावणी, क्लब आणि जिमखाना या तीन ठिकाणांच्या आधाराने रुजले. जबलपूर, महू, नागपूर, पुणे किंवा बेळगाव या गावांत टेनिसचे कोर्ट प्रथम कोणी आखले याचा शोध घेतला, तर तो बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाच्या कुंपणाशी येऊन थांबतो. त्या कुंपणाच्या आत भारतीय माणसाचा प्रवेश फार सावकाश झाला. आधी संस्थानिक आले, मागून बॅरिस्टर, डॉक्टर आणि सनदी नोकर आले, आणि त्यांच्या घरातील स्त्रिया तर त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या.

विंबल्डनची स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली आणि तेथे महिलांची एकेरी १८८४ पासून खेळली जाऊ लागली. भारतात अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी डेव्हिस चषकात, म्हणजे देशादेशांच्या पुरुष संघांमधील स्पर्धेत, भारताने पदार्पणातच फ्रान्सला पॅरिसमध्ये हरवले. पुरुषांच्या खेळाने असा वेग घेतला असताना भारतातील महिलांच्या स्पर्धांवर मात्र युरोपीय आणि अँग्लो-इंडियन खेळाडूंचेच वर्चस्व होते. जेनी सँडिसन या अँग्लो-इंडियन खेळाडू १९२९ मध्ये विंबल्डनला खेळल्या आणि तेथे उतरणाऱ्या भारतातील पहिल्या स्त्री ठरल्या. मुंबईच्या डॉक्टर राव यांच्या घरातील मुलगी रॅकेट घेऊन पुढे आली ती या परिस्थितीत.

हे घर समजून घेण्यासाठी दोन पिढ्या मागे जाणे आवश्यक आहे. लीला राव यांचे आजोळ पंडितांचे. आजोबा शंकर पांडुरंग पंडित यांचा जन्म १८४० साली सावंतवाडी संस्थानातील बांबुळी या गावी झाला. संस्कृताचे जे मोजके मराठी अभ्यासक एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांच्या बरोबरीने ग्रंथसंपादनास बसले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या सोबत त्यांचे नाव घेतले जाते. कालिदासाचे रघुवंश आणि मालविकाग्निमित्र, वाक्पतिराजाचे प्राकृत काव्य गउडवहो, आणि सायणाचार्यांच्या भाष्यासह अथर्ववेद ही त्यांच्या संपादनाची क्षेत्रे होती. ऋग्वेदाचा मराठी व इंग्रजी अर्थ सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचावा म्हणून त्यांनी ‘वेदार्थयत्न’ हे मासिक चालवले. मराठी वाचकाला त्यांचे ऋण ज्या कामामुळे रोज जाणवावे ते मात्र वेगळेच आहे : सरकारी आश्रयाने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून निघालेल्या तुकोबांच्या गाथेचे संपादन विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी केले, आणि जुन्या हस्तलिखितांचे पाठ पडताळून सिद्ध केलेली ती गाथा पुढील सर्व गाथांचा एक मुख्य आधार ठरली. १८७४ मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित होते. पुढे ते पोरबंदर संस्थानाचे प्रशासक झाले, आणि परिव्राजक अवस्थेत हिंडणारे स्वामी विवेकानंद तेथे त्यांच्या घरी राहिले. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. अथर्ववेदाचे छापील खंड त्यांच्या पश्चात बाहेर पडले.

त्यांची मुलगी क्षमा, म्हणजे लीलाबाईंची आई, त्या वेळी अवघी तीन-चार वर्षांची होती. १८९० मध्ये जन्मलेल्या क्षमाबाईंना वडिलांचा सहवास असा मिळालाच नाही, आणि तरीही त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा वडिलांच्या ग्रंथांनी ठरवली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुंबईतील नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आरंभी इंग्रजीत कथा लिहिणाऱ्या क्षमाबाई प्रौढ वयात संस्कृताकडे वळल्या आणि त्यांनी वडिलांचे चरित्र ‘शंकरजीवनाख्यानम्’ या नावाने संस्कृत पद्यात लिहिले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात रचली. ज्या गाथेचे पाठ वडिलांनी तपासले, त्या गाथेच्या कर्त्याचे चरित्र मुलीने देववाणीत नेले. परंतु क्षमाबाईंचे सर्वांत धाडसी काव्य म्हणजे ‘सत्याग्रहगीता’. महात्मा गांधींची चळवळ हा तिचा विषय, अनुष्टुभ् हे तिचे वृत्त, म्हणजे महाभारताच्या आणि भगवद्गीतेच्या बहुतेक श्लोकांचे वृत्त. आणि ती १९३२ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली, कारण कायदेभंगाच्या ऐन धामधुमीत असे काव्य ब्रिटिश हिंदुस्थानात छापणे धोक्याचे होते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची सुरुवात ज्या जबलपुरात झाली, तेथील वाचकांना त्या धोक्याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

या क्षमाबाई टेनिस खेळत, आणि केवळ वेळ घालवण्यासाठी खेळत नसत. १९२७ मध्ये मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट स्पर्धेत त्यांनी महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. त्या काळी हार्ड कोर्ट म्हणजे गवत नसलेले, माती किंवा मुरूम चोपून तयार केलेले कोर्ट; आजच्या काँक्रीटच्या थरावर रंग दिलेल्या कोर्टाशी त्याचा संबंध नाही. त्या वेळी त्यांचे वय सदतीस होते आणि मुलगी सोळाव्या वर्षात होती. आईने स्पर्धेत उतरणे, हरणे, पुन्हा सराव करणे आणि जिंकणे हे सारे लीलाबाईंनी वाढत्या वयात घरातच पाहिले. भारतीय मुलीने स्पर्धात्मक टेनिस खेळावे की नाही हा वाद अनेक घरांत पुढे दोन पिढ्या चालला; या घरात तो उद्भवलाच नाही, कारण त्याचा निकाल आईने आपल्या खेळाने आधीच लावून टाकला होता. क्षमाबाईंच्या चरित्रात टेनिसला जी दुय्यम जागा दिली जाते ती या कारणासाठी अन्यायाची आहे. मुलीच्या कारकिर्दीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा आधार आईचा हा खेळच होता.

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी झाला. त्यांचे शिक्षण शाळेच्या ठरलेल्या चाकोरीतून न होता बरेचसे घरी, आणि काही काळ इंग्लंड व फ्रान्समध्ये झाले. १९३१ मध्ये, वयाची विशी पूर्ण होण्याआधीच, त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरी जिंकली. ही त्या काळची देशातील सर्वोच्च स्पर्धा होती, आणि १९३१ ते १९४३ या बारा वर्षांच्या अवधीत तिचे एकेरीचे विजेतेपद त्यांनी सात वेळा मिळवले. खेळाडूच्या मोठेपणाची खरी परीक्षा पहिल्या विजयाने होत नाही; नवे प्रतिस्पर्धी आले, वय वाढले, शरीराची चपळाई थोडी कमी झाली, तरीही जो जिंकत राहतो त्याच्याच खेळाला खोली आहे असे म्हणता येते. विंबल्डनचा एक विजय जगाच्या नोंदीत गेला म्हणून तो प्रसिद्ध झाला. परंतु लीला राव यांच्या कर्तृत्वाचे माप घ्यायचे झाल्यास ते या सात विजेतेपदांनी घ्यावे लागेल.

येथे एका व्यवस्थेचा खुलासा करणे भाग आहे, कारण ती ध्यानात घेतल्याशिवाय या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही. १९६८ पूर्वी विंबल्डनसह सर्व मोठ्या टेनिस स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी असत. हौशी म्हणजे खेळाच्या मोबदल्यात पैसा न घेणारा. ज्याने मोबदला घेतला तो व्यावसायिक ठरे आणि त्याला या स्पर्धांचे दार बंद होई. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांनी १९२६ मध्ये, अमेरिकेच्या बिल टिल्डन यांनी १९३० च्या अखेरीस, आणि इंग्लंडच्या फ्रेड पेरी यांनी १९३६ नंतर हे दार आपल्यामागे लावून घेतले आणि पैसे घेऊन प्रदर्शनी सामने खेळण्याचा मार्ग पत्करला. बाकीच्यांना चषक, टाळ्या आणि वर्तमानपत्रातील चार ओळी मिळत. पेरी यांना १९३४ च्या विंबल्डन विजेतेपदाबद्दल एका पेढीवरील पंचवीस पौंडांचे व्हाउचर मिळाले होते. ही व्यवस्था निर्मळ खेळाची राखणदार आहे असे तिचे समर्थक सांगत, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिचा प्रत्यक्ष परिणाम असा होता की ज्याच्या घरी पैसा आहे त्यानेच खेळावे. मुंबईहून मार्सेल्सपर्यंत आगबोटीने सुमारे दोन आठवडे, तेथून आगगाडी, मग लंडनमधील मुक्काम, रॅकेट, तातीची दुरुस्ती आणि सरावाचा खर्च, हे सारे पेलण्यास संस्थानिकाचा आश्रय, संघटनेची मेहेरबानी किंवा संपन्न कुटुंब यांपैकी काहीतरी हवे होते. लीला राव यांना कुटुंब होते. त्यांच्या यशाचे वर्णन करताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही, आणि ती सांगितल्याने त्यांच्या यशाला बाधही येत नाही, कारण तेवढीच किंवा त्याहून अधिक संपत्ती असलेल्या शेकडो घरांतून दुसरी लीला राव निघाली नाही.

१९३४ च्या विंबल्डनमध्ये त्यांची पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी होती ग्लॅडिस साउथवेल. हा सामना लीला राव यांनी ४-६, १०-८, ६-२ असा जिंकला. या तीन आकड्यांच्या जोड्या जरा जवळून वाचल्या पाहिजेत, कारण सामन्याचे वर्णन हाती नसले तरी निकालाचे आकडे बरेच काही सांगतात. टेनिसमध्ये चार गुण मिळवले की एक गेम होतो, मात्र दोन गुणांची आघाडी असावी लागते. सहा गेम जिंकले की एक सेट होतो, मात्र तेथेही दोन गेमची आघाडी असावी लागते. आणि महिलांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजयी ठरते. आज सहा-सहा अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक, म्हणजे निर्णायक गुणांचा एक छोटा डाव, खेळून सेट संपवला जातो. पण विंबल्डनला टायब्रेक १९७१ मध्ये आला, आणि त्याआधी आघाडी मिळेपर्यंत सेट कितीही लांबत असे. पहिला सेट गमावून बसलेल्या लीला राव दुसऱ्या सेटमध्ये अठरा गेम खेळल्या. पाच-पाच, सहा-सहा, सात-सात, आठ-आठ अशी बरोबरी होत गेली, आणि यांपैकी कोणत्याही टप्प्यावर सलग दोन गेम हातचे गेले असते तर सामना तेथेच संपला असता. तसे झाले नाही. तिसऱ्या सेटचा ६-२ हा निकाल सांगतो की त्या अठरा गेमनंतर ज्या खेळाडूची उमेद आणि पाय दोन्ही शाबूत राहिले ती भारतीय होती. एकूण छत्तीस गेमचा हा सामना म्हणजे नशिबाने मिळालेली फेरी नव्हे. तो दमाने आणि धीराने ओढून आणलेला विजय आहे.

या विजयाचे मोल आणखी एका कारणाने वाढते. भारतातील टेनिसचा हंगाम हिवाळ्याचा, आणि कोर्ट बहुतेक कोरड्या, टणक मातीचे; त्यावर चेंडू उंच आणि भरवशाने उडतो. विंबल्डनचे गवत जूनअखेरीच्या दमट हवेत ओलसर असते, चेंडू टप्पा पडल्यावर खाली राहतो आणि घसरत पुढे येतो, त्यामुळे मातीवर घोटलेला फटका तेथे क्षणभर उशिरा ठरतो. गुडघे अधिक वाकवावे लागतात, रॅकेट मागे नेण्याचा झोका आखूड करावा लागतो, आणि जाळीजवळ येण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. हे बदल अंगवळणी पडण्यास आठवडे लागतात, आणि इंग्लिश खेळाडूंना ते लहानपणापासून अवगत असतात. समुद्रमार्गे येऊन थोड्या दिवसांच्या सरावावर तेथे उभे राहणाऱ्या भारतीय खेळाडूला प्रतिस्पर्ध्याआधी जमिनीशी झगडावे लागे.

दुसऱ्या फेरीत लीला राव फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांच्याकडून हरल्या. अदामॉफ यांचा विवाह पुढे क्लोद बुर्दे यांच्याशी झाला, जे दुसऱ्या महायुद्धात नाझी ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचे एक पुढारी म्हणून प्रसिद्धीस आले. त्या वर्षी महिलांचे विजेतेपद डोरोथी राउंड यांना आणि पुरुषांचे फ्रेड पेरी यांना मिळाले, त्यामुळे इंग्लिश वृत्तपत्रांचे स्तंभ घरच्या या दुहेरी यशाने भरून गेले असल्यास नवल नाही. भारताच्या बाजूने पाहता मात्र त्या पंधरवड्यात एक नवी रेघ ओढली गेली होती.

१९३६ पासून लीला राव यांनी सलग तीन वर्षे अखिल भारतीय विजेतेपद मिळवले, आणि युद्धाची वर्षे सुरू झाल्यावरही त्या जिंकत राहिल्या. युद्धामुळे १९४० ते १९४५ या काळात विंबल्डन भरले नाही. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षापासून पुढची, खेळाडूच्या परिपक्वतेची जी वर्षे मानली जातात, ती त्यांची परदेशी स्पर्धांवाचून गेली. १९४३ मध्ये त्यांनी सातवे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. दयाळ पुढे स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेत गेले, गंगटोक येथे भारताचे राजकीय अधिकारी होते, आणि ५ डिसेंबर १९५० रोजी भारत व सिक्कीम यांच्यात जो करार झाला त्यावर भारताच्या वतीने त्यांचीच सही आहे. नंतर ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले, आणि १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडील खुंबू भागात असताना त्यांचे निधन झाले. बांबुळीहून निघालेल्या घराण्याची वाट पुणे, पोरबंदर, मुंबई आणि लंडन करीत अशी हिमालयापर्यंत गेली. त्याच पंडित घराण्यातील रणजित सीताराम पंडित यांनी राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद केला, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

रॅकेट ठेवल्यावर लीलाबाईंनी लेखणी आणि कुंचला हाती घेतला. भारतीय नृत्यावरील त्यांचा ‘नृत्तमंजरी’ हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. नृत्त म्हणजे कथा किंवा भाव सांगण्याचा भार नसलेले, ताल आणि अंगविन्यास यांनीच उभे राहणारे शुद्ध नर्तन. पदन्यासाचा, शरीराच्या तोलाचा आणि लयीचा अभ्यास करण्यास टेनिसपटूचा डोळा कसा उपयोगी पडला असेल, याचा विचार नृत्याच्या अभ्यासकांनी करून पाहावा असा आहे. आईच्या कथांच्या आधारे आणि स्वतंत्रपणेही त्यांनी संस्कृतात एकांकिका लिहिल्या. १९५४ मध्ये क्षमाबाईंचे निधन झाले, आणि नंतर मुलीच्या या नाट्यलेखनातून आईच्या कथा संस्कृत रंगभूमीच्या अभ्यासकांपुढे राहिल्या. विंबल्डनमध्ये सामना जिंकलेली आणि संस्कृतात नाटके लिहिलेली दुसरी व्यक्ती जगाच्या पाठीवर सापडणे कठीण आहे; पण हे केवळ नवल म्हणून सांगून सोडून देणे पुरेसे नाही. आजोबांनी एकेका शब्दाचा पाठ जुन्या पोथ्यांतून पडताळला, आईने चाळिशीच्या आसपास नव्याने एका प्राचीन भाषेत लिहिण्याचा सराव केला, आणि मुलीने एकेक फटका वर्षानुवर्षे घोटला. या तिन्ही कामांना लागणारी चिकाटी एकाच जातीची आहे, आणि ती त्या घरात नेमाने शिकवली जात होती.

घर हीच संस्था असण्याची एक मर्यादाही आहे, आणि ती या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. घराने एक विजेती घडवली. तिच्यामागे विजेत्यांची रांग उभी करणे घराच्या हाती नसते. १९६८ मध्ये टेनिसमध्ये खुले युग सुरू झाले, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक यांच्यातील भिंत पाडून सर्वांना एकाच स्पर्धेत खेळण्याची मुभा मिळाली आणि विजेत्याला रोख बक्षीस मिळू लागले. त्या वर्षी विंबल्डनच्या पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड आणि महिला विजेतीला साडेसातशे पौंड मिळाले. ही विषमता तेथे २००७ मध्ये संपली. खुल्या युगात ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या, म्हणजे मेलबर्न, पॅरिस, विंबल्डन आणि न्यूयॉर्क येथील चार सर्वोच्च स्पर्धांपैकी एकीच्या, मुख्य फेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री निरुपमा वैद्यनाथन ठरल्या, आणि तो विजय १९९८ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील आहे. सानिया मिर्झा यांनी २००५ मध्ये विंबल्डनची पहिली फेरी जिंकली तेव्हा लीला राव यांच्या विजयाला एकाहत्तर वर्षे झाली होती. इतका दीर्घ काळ लोटण्याचे कारण भारतीय मुलींच्या अंगात शोधणे चूक आहे; ते मैदानांच्या, प्रशिक्षकांच्या आणि प्रवासखर्चाच्या तुटवड्यात आहे.

आजच्या मराठी मुलीला व्यावसायिक टेनिसपटू व्हायचे असेल तर तिच्यासमोरची वाट निराळी आहे, पण सोपी नाही. जागतिक क्रमवारी दर आठवड्याला ठरते, तिच्यात मागील बावन्न आठवड्यांत मिळवलेले गुण धरले जातात, आणि वर्षापूर्वीचे गुण आपोआप गळून पडतात. त्यामुळे आजारपण, परीक्षा किंवा पैशाची चणचण यांपैकी कशासाठीही थांबणे म्हणजे खाली घसरणे होय. सर्वांत खालच्या पायरीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम पंधरा हजार डॉलर असते आणि ती सर्व खेळाडूंत विभागली जाते, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत हरणाऱ्या खेळाडूचे विमानभाडेही त्यातून सुटत नाही. श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसले या वाटेने गेल्या, अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळत शिकल्या, आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा मिळाला, आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या निर्णायक डावात भारतीय जोडीने १०-४ अशी बाजी मारली. पहिला सेट गमावून सामना फिरवण्याची ही रीत १९३४ च्या त्या निकालाची आठवण करून देते, आणि दोन्हींमधील फरकही तेथेच दिसतो : लीला राव यांना वेळ हवा तितका होता आणि आधार फक्त घराचा होता, ऋतुजा भोसले यांच्यामागे विद्यापीठ, संघ आणि संघटना होत्या, पण निर्णयासाठी हाती गुण मोजकेच होते.

मराठी क्रीडालेखनाने क्रिकेटचा आणि कुस्तीचा इतिहास जितक्या प्रेमाने लिहिला तितक्या प्रेमाने टेनिसचा लिहिला नाही. लीला राव यांचे मराठीत एकही स्वतंत्र, साधार चरित्र सहज हाती येऊ नये, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे आणि ती भरून काढण्याची वेळही अजून गेलेली नाही. त्यांच्या काळातील स्पर्धांच्या बातम्या मुंबई, अलाहाबाद, कलकत्ता आणि लाहोर येथील इंग्रजी दैनिकांच्या जुन्या अंकांत आहेत. क्षमाबाईंचे ग्रंथ विद्यापीठांच्या संस्कृत विभागांत आहेत. या दोन्ही ठिकाणी बसून काम करणारा अभ्यासक मात्र अद्याप पुढे यायचा आहे. मध्यप्रांतातील क्लब, रेल्वेच्या संस्था, महाविद्यालये आणि जिमखाने यांच्या भिंतींवर विजेत्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या लावलेल्या असत, आणि रंगकाम किंवा दुरुस्ती निघाली की त्या पाट्या सर्वांत आधी अडगळीत जातात. जबलपूर, नागपूर, सागर आणि इंदूर येथील मराठी कुटुंबांत अशा स्पर्धांची छापील पत्रके, चषक, पदके, रॅकेट हाती घेतलेल्या आजी-पणजींची छायाचित्रे किंवा वर्तमानपत्रांची कात्रणे असतील, तर त्यांच्या मागे नाव, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहून त्यांची एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे द्यावी, आणि हे काम घरातील वडीलधारी माणसे ती नावे ओळखून सांगू शकतात तोवरच करावे, अशी या व्याख्यानाच्या वाचकांना विनंती आहे.